चार पावलांवरचा सोलकर

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा भाचा अमेरिकेहून आमच्याकडे खडकवासल्याला राहायला आला. बॅगेतून त्याने आधी आईने दिलेली चॉकलेटे काढली आणि मग चामड्याचा एक भला थोरला हातमोजा. "हा गरम भांडी उतरवायचा का रे?" सौ.ने भाबडेपणाने विचारले. भाचा पोट धरधरून हसला. तो मोजा बेसबॉलचा होता.

मी मराठीचा प्राध्यापक. बेसबॉलच्या नावाने माझी पाटी कोरी. तेव्हा भाच्याने अंगणात चार चपला मांडून माझी शिकवणी घेतली. दुसऱ्या आणि तिसऱ्या चपलेच्या मध्ये जो उभा राहतो तो 'शॉर्टस्टॉप'. बहुतेक फलंदाज उजवे असल्याने सणसणीत चेंडू नेमके त्याच्याच अंगावर येतात. भाच्याचे दैवत डेरेक जीटर हे याच जागेवरचे. न्यूयॉर्क यांकीज या एकाच संघाकडून तो १९९५ ते २०१४ अशी वीस वर्षे खेळला आणि फलंदाजीतही त्याने ३४६५ 'हिट्स' मिळवल्या.

हे सारे आमचे चिरंजीव कोपऱ्यात तोंड फुगवून ऐकत होते. त्यांच्या दुःखाचे कारण वेगळे होते. क्रिकेटच्या शिबिरात त्यांना सरांनी 'शॉर्ट लेग'ला उभे केले होते.

"बाबा, मी उद्यापासून जाणार नाही. बॅटिंग अकरावी, बोलिंग नाहीच. दिवसभर नुसते वाकून उभे राहायचे आणि चेंडू चुकवायचा! हे काय खेळणे झाले?"

"नाहीतरी मला धास्तीच वाटते," स्वयंपाकघरातून पाठिंबा आला.

संध्याकाळी दोघांना घेऊन मी धरणाकाठी गेलो. भाजलेल्या कणसांना लिंबू-मीठ चोळून झाले, समोर पाणी शांत पसरले होते. म्हटले, "आता माझी शिकवणी. आपल्याकडेही एक असा गडी होऊन गेला. पण त्याच्या हातात मोजा नव्हता."

वाचकहो, एकनाथ सोलकरला मी खेळताना पाहिलेले नाही. तो शेवटची कसोटी १९७७ च्या जानेवारीत कलकत्त्याला खेळला, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. माझा सोलकर माझ्या वडिलांच्या तोंडून आलेला, आणि त्यांचा रेडिओतून.

१८ मार्च १९४८ चा त्याचा जन्म. वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर माळी. मैदानाची निगा हेच त्या घराचे पोट. मुलगा मोठा झाला तो त्याच हिरवळीच्या कडेला. सामने चालत तेव्हा तो धावफलकावरचे आकडे बदलायला उभा राहायचा. दुसऱ्यांच्या धावा, दुसऱ्यांचे बळी! पण तिथे उभे राहून त्याने खेळ डोळ्यांत साठवला. पुढे तो शाळकरी मुलांच्या भारतीय संघात गेला, मुंबईकडून खेळला आणि १९६९ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला कसोटीत उतरला.

तो काळ आपल्या फिरकीचा. बेदी, प्रसन्न, चंद्रशेखर, वेंकटराघवन! चेंडू वळे, उसळे, बॅटीची कड घेऊन पॅडवर आपटे आणि हातभर अंतरावर टपकू पाही. तो टिपायला कोणीतरी अगदी फलंदाजाच्या नाकासमोर उभे राहायला हवे. ती जागा सोलकरने घेतली. डोक्याला हेल्मेट नाही, पायांना पॅड नाहीत. मोजे तर नियमाप्रमाणे यष्टिरक्षकालाच! एखादा चेंडू आखूड पडला आणि फलंदाजाने बॅट फिरवली, तर चार पावलांवरच्या माणसाला डोळे मिटायलासुद्धा वेळ मिळायचा नाही. सोलकर डोळे मिटत नसे, हीच त्याची विद्या.

"मग जिंकला काय?" भाच्याने अमेरिकन प्रश्न केला.

तर ऐक. १९७१ सालचा ऑगस्ट, लंडनचे ओव्हल मैदान. वडील तेव्हा कॉलेजात होते. गणपतीच्या आदल्या दिवशी घरात आरास चालली होती आणि हे ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेले. चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळले. ही गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ होती. पण पहिल्या डावात ९० धावा काढणारा अ‍ॅलन नॉट एकदा टिकला असता, तर कथा निराळी झाली असती. वेंकटराघवनच्या चेंडूवर तो पुढे वाकला, चेंडू बॅटीला लागून खाली निघाला, आणि सोलकरने अंग पालथे झोकून तो जमिनीलगत उचलला. नॉट अवघी एक धाव करून परतला. फ्लेचरचा झेलही सोलकरचाच. दुसऱ्या दिवशी, ऐन गणेशचतुर्थीला, भारताने इंग्लंडमध्ये पहिला कसोटी विजय मिळवला आणि मालिकाही जिंकली. त्या दिवशी ओव्हलवर खरोखरीचा हत्ती आणला होता म्हणतात ते खोटे नाही!

"वर्तमानपत्रात छापून आले, 'झे. सोलकर गो. वेंकटराघवन'. व्याकरण बघा," मी म्हणालो. प्राध्यापकाचा स्वभाव जात नाही. "नाव दोघांचे, पण बळी मोजला जातो तो गोलंदाजाच्या खात्यात."

"म्हणजे त्याला काहीच नाही?" चिरंजिवांनी प्रथमच तोंड उघडले.

काहीच नाही कसे? २७ कसोटींत ५३ झेल, म्हणजे सामन्याला जवळजवळ दोन. इतक्या कमी कसोटींत इतके झेल घेणारे क्षेत्ररक्षक जगात शोधावे लागतील. शिवाय तो फलंदाजीही करी. १९७१ मध्येच वेस्ट इंडीजमध्ये सरदेसाईच्या जोडीला उभे राहून त्याने किंग्स्टनला ६१ आणि बार्बाडोसला ६५ धावा काढल्या. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवर वेस्ट इंडीजविरुद्ध १०२ केल्या, ते त्याचे एकमेव कसोटी शतक. डावऱ्या हाताने गोलंदाजी करून १८ बळीही घेतले. पण आज त्याचे नाव निघते ते त्या वाकून उभे राहण्यासाठीच.

२६ जून २००५ ला सोलकर गेला, सत्तावन्नाव्या वर्षी. बातमी वाचून वडिलांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि एवढेच म्हणाले, "तो तिथे उभा असायचा, म्हणून बेदी-चंद्राला धीर असायचा." हेच मी मुलांना सांगितले. वर उपदेश केला नाही. परत येताना दोघेही गप्प होते.

दुसऱ्या दिवशी चिरंजीव शिबिराला गेले. तेथे त्यांनी झेबिबल घेतला असे लिहायला मला आवडले असते, पण खरे सांगायचे तर हातात आलेला झेल त्यांनी सोडला. घरी आले ते मात्र रुसून नव्हे. "बाबा, चेंडू येताना मी डोळे मिटले. उद्या नाही मिटणार," एवढेच बोलले.

संध्याकाळी अंगणात धप्‌धप् आवाज येत होता. बाहेर डोकावलो. भाचा चार पावलांवरून टेनिसचा चेंडू मारीत होता आणि चिरंजीव हेल्मेट घालून, गुडघ्यांत वाकून, तो टिपीत होते. थोड्या वेळाने जागा बदलल्या. चामड्याचा मोजा ओट्यावर पडला होता आणि भाचा उघडे तळवे पुढे करून उभा होता, लालबुंद झालेले.

सौ.ने दारातून पाहिले, काही बोलण्यासाठी तोंड उघडले, आणि मग आत जाऊन हळदीचा डबा काढून ठेवला.