वारेची वेस कोण ओलांडतं?

गरोदरपणात शुगर वाढली आणि डॉक्टरांनी इन्सुलिनचं नाव काढलं, की घरात पहिला प्रश्न ठरलेला: ‘गोळीवर नाही का भागणार? इंजेक्शनचा बाळाला त्रास झाला तर?’ काळजी अगदी खरी, पण दिशा नेमकी उलटी! टोचलेलं इन्सुलिन बाळापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. गोळ्या मात्र पोचतात.

आई आणि बाळ यांच्यामध्ये असते वार. तिला गावाची वेस समजा. इन्सुलिन हा 51 अमिनो आम्लांचा भलामोठा रेणू, तो वेशीवरच अडतो. मेटफॉर्मिन या गोळीचा रेणू त्याच्यापेक्षा साधारण 45 पट हलका. तो इतका सहज आत जातो की जन्माच्या वेळी नाळेतल्या रक्तात त्याचं प्रमाण जवळपास आईच्या रक्ताइतकंच सापडतं. आणि साखर? तिच्यासाठी वेस सताड उघडी.

इथेच सगळी गंमत आहे. आईची साखर आत जाते, तिचं इन्सुलिन मात्र बाहेरच राहतं. मग एवढुसं बाळ स्वतःच्या स्वादुपिंडातून जास्तीचं इन्सुलिन तयार करतं, ती साखर चरबीत साठवतं आणि अंगानं वाढत जातं. कोपनहेगनच्या योर्गन पेडरसन यांनी 1950 च्या दशकात ही साखळी मांडली, ती आजही टिकून आहे. जन्मल्याबरोबर बाळाची शुगर एकदम का उतरते, तेही यातूनच कळतं: नाळ कापली, साखर थांबली, पण बाळाचं इन्सुलिन अजून जोरात. म्हणून तर अशा बाळांच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन शुगर तपासतात.

आता या कहाणीतलं सगळ्यात नाट्यमय औषध: ग्लिबेनक्लामाइड. 2000 साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये 404 गरोदर बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळी घेणाऱ्यांपैकी जेमतेम 4 टक्के बायकांना पुढे इन्सुलिन लागलं. शिवाय नाळेतल्या रक्तात औषध सापडलंच नाही! डॉक्टर खूश, आया त्याहून खूश. काही वर्षांतच अमेरिकेत या गोळीनं इन्सुलिनला मागे टाकलं. पण मोजण्याची यंत्रं सुधारली आणि 2009 मध्ये दिसलं की बाळाच्या बाजूला औषधाचं प्रमाण आईच्या सुमारे 70 टक्के असतं. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. म्हणजे जे स्वादुपिंड आधीच जादा काम करतंय, त्या बाळाच्या स्वादुपिंडालाही तीच ताकीद! 2018 मध्ये फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत बाळांमधली गुंतागुंत गोळीच्या गटात 27.6 टक्के, तर इन्सुलिनच्या गटात 23.4 टक्के निघाली. ग्लिबेनक्लामाइड इन्सुलिनच्या तोडीचं आहे, हे तिथे सिद्ध होऊ शकलं नाही. माझ्या मते तिघांच्या या शर्यतीत ते तिसऱ्या क्रमांकावर आहे.

मेटफॉर्मिनची चाल वेगळी. ते स्वादुपिंडाला डिवचत नाही. यकृतातून रक्तात येणारी साखर आवरतं. त्याचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या जांभळ्या फुलांच्या झुडपाशी पोचतं. पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ते 1957 मध्ये मधुमेहावर आणलं, आणि 1970 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत केपटाउनचे डॉक्टर ते गरोदर बायकांना देतही होते. इन्सुलिनशी खरा सामना रंगला 2008 मध्ये, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 751 बायकांच्या चाचणीत. बाळांच्या एकूण गुंतागुंतीत दोन्ही औषधं बरोबरीत. मेटफॉर्मिनच्या गटात आयांचं वजन कमी वाढलं, बाळांची शुगर फार खाली जाण्याचे प्रसंगही कमी. पण 46 टक्के बायकांना गोळीच्या जोडीला इन्सुलिन घ्यावंच लागलं! ‘पुढच्या वेळी हेच औषध निवडाल का?’ या प्रश्नाला गोळीवाल्या 77 टक्के बायका ‘हो’ म्हणाल्या, इंजेक्शनवाल्या फक्त 27 टक्के.

मग मुलं मोठी झाल्यावर? त्याच चाचणीतली ॲडिलेडची मुलं सात वर्षांची झाली तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. ऑकलंडची नऊ वर्षांची झाली, तर मेटफॉर्मिन गटातली थोडी जास्त वजनाची निघाली. म्हणूनच जगात अजून एकमत नाही. आहारानं भागलं नाही तर ब्रिटनची मार्गदर्शक सूचना आधी मेटफॉर्मिन द्या म्हणते (उपाशीपोटीची शुगर फारच जास्त असेल तर थेट इन्सुलिन), आणि अमेरिकन डायबिटीस असोसिएशन पहिली पसंती इन्सुलिनला देते. भारत सरकारची सूचना दोन्हींना जागा देते.

बाळांच्या वजनाचा हा मुद्दा आपल्याला जास्त लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. इंग्लंडच्या बाळांपेक्षा ती वजनानं हलकी, पण अंगातली चरबी मात्र जवळपास तेवढीच. नुसता वजनकाटा पाहून आपल्याकडचं बाळ कळत नाही.

वजनाचा विषय निघालाच आहे, तर एक सांगायला हवं: वजन उतरवणारी नवी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं गरोदरपणात चालत नाहीत. दिवस राहण्याचा विचार असेल तर किमान दोन महिने आधी बंद करायची, तीही डॉक्टरांना विचारून.

गरोदरपणात शुगर वाढलेल्या बहुतेक बायकांना मात्र यातलं कुठलंच औषध लागत नाही. आपल्याकडची पद्धत अशी: आधी दोन आठवडे आहार आणि चालणं, तरीही जेवणानंतर दोन तासांनी शुगर 120 च्या खाली आली नाही तर औषध. तपासणी तर आणखी सोपी. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी आग्रहानं रुजवलेल्या पद्धतीत उपाशी राहावं लागत नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. 140 किंवा जास्त आलं तर मधुमेह. गावातून दोन बस बदलून आलेल्या बाईला ‘उद्या उपाशीपोटी या’ म्हणावं लागत नाही, ही मला या सगळ्यातली सर्वात मोठी सोय वाटते.

आणि साखर चढवण्यात मोठा हात कुणाचा? त्याच वारेचा! तिची संप्रेरकं आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. म्हणून वार पडली की बहुतेकींचं इन्सुलिन त्याच दिवशी बंद होतं. पण पुढे आयुष्यात मधुमेह होण्याचा धोका या आयांना इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. तेव्हा बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला जाल, त्याच फेरीत आईचीही शुगर तपासून घ्या.