खाट रिकामी असली की…

पावसाळा सरता सरता पुण्यात डेंगीचे रुग्ण वाढतात. समजा, तापाचा चौथा दिवस, प्लेटलेट 90 हजार. पोटात दुखत नाही, उलट्या नाहीत, कुठे रक्तस्राव नाही, रुग्ण पाणी नीट पितोय. घरी ठेवून रोज रक्त तपासायचं, की दाखल करायचं? दोन्ही निर्णयांचं समर्थन करता येतं. मग पारडं कशाने झुकतं? पुष्कळदा, खाट रिकामी आहे की नाही, यानेच.

हे अमेरिकेत संशोधक मिल्टन रोमर यांनी 1959च्या सुमारास दाखवलं. न्यूयॉर्क राज्यातल्या एका भागात रुग्णालयातल्या खाटा 139 वरून 197 झाल्या. लोक तेच, आजारही तेच; तरी खाटांचा वापर वाढला. बाजारात भाजीचा ढीग वाढला म्हणून घरातली भूक वाढत नाही. इथे मात्र किती 'भूक' आहे हे विकणाराच ठरवतो, कारण आपल्याला काय हवं ते रुग्णाला कळत नसतं. त्यात विमा. बहुतेक पॉलिसींमध्ये अशा तापासाठी 24 तास दाखल असल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. म्हणून नातेवाईकही म्हणतात, 'ॲडमिटच करून घ्या.'

नवी यंत्रं, नवे मजले यांचे हप्ते भरायचे असले की दबाव वाढतो. पुण्याच्या डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी 78 डॉक्टरांशी बोलून तो 2016च्या 'डिसेंटिंग डायग्नोसिस' या पुस्तकात मांडला. कट प्रॅक्टिस (रुग्ण पाठवण्याचं कमिशन), शस्त्रक्रियांची टार्गेट्स हे सारं डॉक्टरांनीच सांगितलं, म्हणून ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आकडेही बोलतात: 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी रुग्णालयांत 47.4 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के. हा सगळा फरक गुंतागुंतीच्या बाळंतपणांमुळे पडला, हे मला पटत नाही.

खाटा वाढवू नयेत, असा याचा अर्थ नाही. जिथे खाटाच नाहीत तिथे खरी गरजही नोंदीत येत नाही. गडचिरोलीच्या दुर्गम भागात नवी खाट जीव वाचवते. प्रश्न आहे तो खाटा कुठे वाढतात आणि त्या भरण्याचा मोबदला कुणाला मिळतो, याचा.

राज्याच्या 2021च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. ते वाचा. तातडी नसेल, तर शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या; तो तुमचा हक्क आहे, त्यात संकोच कसला?