विश्लेषण : चर्च रिकामी, तरी रविवारी दुकाने बंदच! जर्मनीचा रविवार कोण राखतेय?

जर्मनीत शिकायला गेलेल्या मराठी मुलांना पहिला धक्का अनेकदा थंडीचा नव्हे, रविवारचा बसतो. सुपरमार्केट, मॉल, कपड्यांची दुकाने सगळे बंद. दूध संपले तर रेल्वे स्थानक किंवा पेट्रोल पंप गाठायचा. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत आता भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे आणि ‘शनिवारीच सामान भरून ठेव’ हा सल्ला नव्याने जाणाऱ्याला हमखास मिळतो. २०२२ च्या सुमारास जर्मनीत दोन्ही मोठ्या चर्चच्या सदस्यांची एकत्रित संख्या लोकसंख्येच्या निम्म्याखाली गेली. तरीही रविवार टिकून आहे, तो का?

हा नियम आला कुठून?

१९१९ च्या वायमार राज्यघटनेतील कलम १३९ नुसार रविवार आणि सरकारमान्य सणांचे दिवस हे कामापासून विश्रांतीचे व मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याने संरक्षित आहेत. १९४९ च्या राज्यघटनेने हे कलम जसेच्या तसे स्वीकारले. त्यामुळे ते हटवायचे तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत लागेल. शब्दयोजना हुशारीची आहे. ‘विश्रांती’ कामगारांसाठी, ‘उन्नती’ भाविकांसाठी. दोघांनाही ते कलम आपले वाटते.

बाकीचे दिवस किती बदलले?

पुष्कळ. १९५६ च्या दुकानबंदी कायद्यानुसार दुकाने संध्याकाळी साडेसहाला आणि शनिवारी दुपारी दोनला बंद होत. त्याच वर्षी कामगार महासंघाने पाच दिवसांच्या आठवड्यासाठी मोहीम काढली. तिच्या पोस्टरवरचे लहान मूल सांगत होते, की शनिवारी बाबा माझे. १९८९ मध्ये गुरुवारची वेळ रात्री साडेआठपर्यंत वाढली, १९९६ मध्ये रोजची आठपर्यंत, २००३ मध्ये शनिवारचीही आठपर्यंत. २००६ मध्ये हा विषय राज्यांकडे गेला आणि बर्लिनसह अनेक राज्यांनी सोमवार ते शनिवार चोवीस तास मुभा दिली. म्हणजे ज्या शनिवारसाठी कामगार भांडले, तो बाजाराने केव्हाच परत घेतला. रविवार मात्र हाती लागला नाही.

न्यायालये काय म्हणतात?

बर्लिनने नाताळपूर्वीचे चारही रविवार दुकानांना खुले केले, तेव्हा कॅथलिक व प्रोटेस्टंट चर्च घटनात्मक न्यायालयात गेली. १ डिसेंबर २००९ च्या निकालात सलग चार रविवार उघडणे घटनाबाह्य ठरले. दुकानदारांचा निव्वळ आर्थिक फायदा आणि ग्राहकांची रोजची खरेदीची इच्छा ही कारणे अपवादासाठी पुरेशी नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ऑनलाइन व्यापारालाही सूट मिळाली नाही. २०१५ च्या नाताळापूर्वी ऱ्हाइनबर्गमधील अ‍ॅमेझॉनच्या गोदामाला दिलेली रविवारच्या कामाची परवानगी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२१ मध्ये बेकायदा ठरवली. ही लढाई ‘व्हेर्डी’ या सेवाक्षेत्रातील कामगार संघटनेची होती. चर्च आणि कामगार संघटना एरवी फारशा एका पंगतीला बसत नाहीत. या प्रश्नावर त्यांची २००६ पासून आघाडीच आहे. चर्चच्या बाकांवर माणसे उरली नाहीत, तेव्हा रविवारची राखण मुख्यतः संघटना आणि न्यायाधीशांकडे आली, असे म्हणता येईल.

मग सगळेच रविवारी विसावतात?

नाही. रुग्णालये, रेल्वे, हॉटेले सुरूच असतात. एकाच्या निवांत रविवारी दुसरा त्याला कॉफी आणून देत असतो. साडेसात टनांवरील ट्रकना मात्र रात्री दहापर्यंत रस्त्यावर बंदी असते आणि निवासी भागात हिरवळ कापायचे यंत्र चालवता येत नाही. बर्लिनची ‘श्पेटी’ ही छोटी दुकाने पूर्व जर्मनीच्या काळात पाळीतल्या कामगारांसाठी सुरू झाली. त्यांतली अनेक आज रविवारीही उघडी दिसतात, नियम काहीही सांगोत.

मग वाद कशाचा?

यंत्रांचा. फुल्डा येथील ‘टेगुट’ या किराणा साखळीने ‘टिओ’ नावाची विनाकर्मचारी छोटी दुकाने काढली. ग्राहक स्वतःच दार उघडतो, माल घेतो, पैसे भरतो. विक्रेताच नाही, तर विश्रांती कोणाची मोडते, असा त्यांचा सवाल होता. हेसन राज्याच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले, की माणूस नसले तरी ते दुकानच. रविवारी बंद ठेवा. राज्याने मग २०२४ मध्ये कायदाच बदलला आणि १२० चौरस मीटरपर्यंतच्या अशा दुकानांना परवानगी दिली. जुना केंद्रीय कायदा सर्वाधिक काळ जपणाऱ्या बव्हेरियाने ऑगस्ट २०२५ पासून स्वतःचा कायदा आणला. तिथे यंत्रांच्या दुकानांना १५० चौरस मीटरपर्यंत रविवार मोकळा झाला आहे. माणसांच्या दुकानांची रात्री आठची वेळ मात्र तशीच आहे.