मोटारीच्या पोटातलं घड्याळ

रस्त्यानं छान चाललेली मोटार एकाएकी बंद पडली, तर तुम्ही काय म्हणाल? पेट्रोल संपलं असेल. बॅटरी उतरली असेल. बरोबर! बहुतेक वेळा असंच काहीतरी असतं. पण कधी कधी टाकी भरलेली असते, बॅटरी चांगली असते, सेल मारला की स्टार्टर फिरतोसुद्धा. उलट नेहमीपेक्षा हलका, भुर्रकन फिरतो. इंजिन मात्र काही केल्या लागत नाही. अशा वेळी जाणता मिस्त्री दुसऱ्यांदा सेल मारत नाही. तो किल्ली काढतो आणि चक्क खिशात टाकतो! का बरं? ते समजायला आपल्याला इंजिनाच्या पोटात शिरावं लागेल. चला तर.

चार पावलं, दोन फेऱ्या

जर्मनीतल्या निकोलाउस ओटो यांनी १८७६ साली चार टप्प्यांचं इंजिन चालवून दाखवलं. आजच्या पेट्रोल मोटारीचं इंजिन त्याच चार टप्प्यांवर चालतं. सिलिंडर म्हणजे एक गोल नळकांडं. त्यात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालीवर होतो. पिस्टन खाली जातो आणि हवा-पेट्रोल आत ओढलं जातं. वर येतो आणि ते दाबलं जातं. ठिणगी पडते, भडका उडतो, पिस्टन जोरात खाली ढकलला जातो. पुन्हा वर येतो आणि जळका धूर बाहेर लोटतो. झाली चार पावलं! एवढ्या वेळात पिस्टनला जोडलेला खालचा दांडा, म्हणजे क्रँक, दोन फेऱ्या मारतो.

आता हवा आत येणार आणि धूर बाहेर जाणार, तर दारं हवीत ना? सिलिंडरच्या डोक्यावर ती असतात. त्यांना झडपा म्हणतात, गॅरेजमध्ये 'वॉल' म्हणतात. दिसायला लांब दांडीचं भूछत्रच! एक झडप हवा आत घेणारी, एक धूर सोडणारी. झडपा उघडण्याचं काम वरचा दांडा करतो. त्याचं नाव कॅमशाफ्ट. चार पावलांत प्रत्येक झडप एकदाच उघडायची असते, म्हणून क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टनं एकच फेरी मारायची. त्यासाठी युक्ती अगदी सोपी आहे. खालच्या चाकाला समजा २० दाते असतील, तर वरच्या चाकाला ४० ठेवायचे. आणि दोघांना बांधणारा दातेरी पट्टा म्हणजेच आपला टायमिंग बेल्ट.

जरा हिशेब करा. क्रँक मिनिटाला ३,००० फेऱ्या मारतोय, म्हणजे सेकंदाला ५०. मग प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते आणि मिटते. तुमची पापणी तरी लवते का एवढ्या वेगानं?

उठाबशांचा खेळ

हा खेळ वर्गात करून बघा. एक जण पिस्टन, दुसरा झडप. पिस्टननं डोक्यावर कागदाची टोपी घालायची आणि सावकाश उठाबशा काढायच्या. झडपेनं त्याच्यामागे उभं राहून तळहात पालथा धरायचा. पिस्टन बसला की हात त्याच्यापाठोपाठ खाली, उठला की हात वर. पुढच्या उठाबशीला हात वरच ठेवायचा. पुन्हा पहिल्यासारखं. दोन उठाबशांत हात एकदाच खाली! सगळ्यांनी मिळून एक-दोन-तीन-चार म्हणायचं. चुकलं नाही तर टोपीला हात लागत नाही.

आता हात खाली आलेला असतानाच कुणीतरी "तुटला!" म्हणून ओरडायचं. हात तिथल्या तिथे थांबवायचा, पिस्टननं मात्र उठायचं. काय झालं? टोपी चेपली!

बेल्ट तुटल्यावर हेच होतं. कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, उघडी झडप उघडीच राहते आणि वेगात असलेला पिस्टन खालून येऊन तिच्यावर आदळतो. झडपेची दांडी वाकते. काही इंजिनांत पिस्टन आणि झडप यांच्यात पुरेशी जागा सोडलेली असते, तिथे हे संकट टळतं. पण पुष्कळ इंजिनांत ती नसते. आता कळलं ना, किल्ली खिशात का? प्रत्येक सेल म्हणजे आणखी एक धडक.

शिवणयंत्राचा नातेवाईक

दातेरी पट्टा मुळात मोटारीसाठी जन्मलाच नव्हता बरं का! १९४०च्या दशकात अमेरिकेत तो शिवणयंत्रासाठी वापरला गेला. तिथेही प्रश्न तोच होता. वरची सुई आणि खालची बॉबिन यांनी ताल सोडता कामा नये. मोटारीत तो आला जर्मनीतल्या ग्लास कंपनीच्या '१००४' या गाडीत, १९६२ साली. त्याआधी तिथे साखळी किंवा दातेरी चाकं असत. पट्टा हलका, आवाज कमी आणि त्याला तेलही लागत नाही, म्हणून तो लोकप्रिय झाला.

दिसायला रबराचा, पण आत काचतंतूंच्या दोऱ्या असतात. त्यामुळे तो ताणला जात नाही. तरी उष्णता, वय आणि त्यावर सांडलेलं तेल किंवा पाणी हे त्याचे शत्रूच. शिवाय तो प्लॅस्टिकच्या झाकणाआड लपलेला. कुरकुर करत नाही, दिवा लावत नाही. एके दिवशी तुटतो.

गॅरेजमधले आठ दिवस

आमच्या घराशेजारी एक गॅरेज आहे. गेल्या मे महिन्यात तिथे अशीच एक गाडी दोरीनं ओढत आणली. जुनी, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. मालक ती लग्नाच्या आणि दवाखान्याच्या भाड्याला चालवतात. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावच्या अलीकडे ती बंद पडली होती. शाळेला सुट्टी होती, मी रोज तिथे जाऊन बसे.

मिस्त्रींनी झाकण काढलं. आत बेल्टचे दोन तुकडे! मालकांचा जीव वरखाली झाला.

"मिस्त्री, नुसता बेल्ट टाका ना. परवा लग्नाचं भाडं आहे. पुढं पण दोन तारखा घेतल्यात."

"दादा, बेल्ट टाकतो तासाभरात. पण तो तुटला कशानं, ते बघायला नको?"

त्यांनी पट्ट्याच्या वाटेवरची चाकं बोटांनी एकेक करून फिरवली. ताण देणारं चाक गुळगुळीत फिरलं. पाण्याच्या पंपाचं चाक मात्र खरखर करत अडकलं. खाली कूलंटचे सुकलेले हिरवे ओघळ दिसले. पंपाचं बेअरिंग जाम होत आलं होतं आणि त्याच्यावर घासून घासून पट्टा तुटला होता. म्हणजे मेला बेल्ट, पण चोर पंप! नवा बेल्ट तसाच टाकला असता, तर तोही काही दिवसांत गेला असता.

हवा बोलते

आता झडपा वाकल्या की नाही? इंजिन न उघडता कसं कळणार? मिस्त्रींबरोबर आयटीआयचा एक शिकाऊ मुलगा होता. त्याला त्यांनी हेच विचारलं. तो म्हणाला, "हवा मारून बघू."

आधी पान्यानं क्रँक हळूच फिरवून चारही पिस्टन मध्यावर आणले. अशा इंजिनात १ आणि ४ नंबरचे पिस्टन जोडीनं वर असतात, तेव्हा २ आणि ३ खाली. पाव फेरी पुढं नेलं की चौघंही मध्ये, म्हणजे कुठल्याच झडपेला धक्का नाही. गाडी गिअरमध्ये टाकून ठेवली. मग कॅमशाफ्ट फिरवून एकेका सिलिंडरच्या दोन्ही झडपा मिटवल्या आणि स्पार्क प्लगच्या भोकातून पंक्चरवाल्याकडे असते तशा कॉम्प्रेसरनं हवा भरली. काम कानाचं होतं.

पहिला सिलिंडर शांत. तिसराही शांत. दुसऱ्यात हवा भरताच मागे सायलेन्सरच्या नळीतून फुसफुस ऐकू आली. म्हणजे धूर सोडणारी झडप गेली. चौथ्यात एअर फिल्टरच्या बाजूनं फुसफुस. म्हणजे हवा घेणारी गेली.

दुसरा आणि चौथाच का? चारही सिलिंडर एकदम एकच काम करत नाहीत. चौथा हवा घेत असतो, तेव्हा दुसरा धूर सोडत असतो. बेल्ट तुटला त्या क्षणी नेमक्या याच दोन झडपा उघड्या सापडल्या.

मालक मटकन बसले. दोन झडपांसाठी आता सगळं हेड काढावं लागणार! भाडं त्यांनी तिथूनच फोन करून दुसऱ्या गाडीवाल्याला देऊन टाकलं.

हेड उघडलं

बॅटरीची तार काढली. कूलंट आणि ऑइल सोडलं. हेडचे बोल्ट एकदम नाही, तर थोडे थोडे, बाहेरून आतल्या बाजूला सैल केले. घाई केली तर हेडला बाक येतो. हेड उचललं आणि काय दिसलं? दुसऱ्या आणि चौथ्या पिस्टनच्या माथ्यावर एकेक छोटीशी चंद्रकोर! झडपेच्या कडेचा ठसा. पिस्टनला तडा नव्हता, एवढं नशीब.

आठही झडपा काढून एकेक काचेवर लोळवली. सरळ दांडी गुपचूप लोळते, वाकडी डुगडुगते. दोन डुगडुगल्या. त्या बदलल्या. झडप ज्या नळीत सरकते, ती नळीही तपासली.

मग सुरू झालं सगळ्यात संथ काम, 'वॉल घासणं'. नव्या झडपेच्या कडेला खरखरीत मलम लावायचं, रबरी वाटी असलेली लाकडी काठी तिला चिकटवायची आणि रवी फिरवतो तशी दोन्ही तळहातांत घोळायची. झडपेवर आणि तिच्या बैठकीवर सगळीकडून सारखं, करडं, अखंड कडं उमटेपर्यंत! शिकाऊ मुलानं ते केलं. मग झडपा स्प्रिंग लावून बसवल्या आणि हवेच्या वाटेत रॉकेल ओतून ठेवलं. पाझरलं तर पुन्हा घासायचं. एकीतून थेंब आला. पुन्हा घासली.

हेडचा तळ सपाट आहे का, तेही सरळ पट्टी धरून, खाली कागदापेक्षा पातळ पाती सरकवून पाहिलं. नवं गॅस्केट घातलं. बोल्ट आता मधून बाहेर, पुस्तकात दिलेल्या जोरानंच आवळले. त्यासाठी जोर मोजणारा वेगळा पाना असतो, त्याला टॉर्क रेंच म्हणतात.

दोन फेऱ्या हातानं

नवा पंप, ताण देणारं नवं चाक आणि नवा बेल्ट. दोन्ही चाकांवर छोट्या खुणा असतात. त्या इंजिनावरच्या खुणांसमोर आणायच्या आणि मग पट्टा चढवायचा. चढवला. मालक किल्ली घेऊन तयारच होते. संध्याकाळ झाली होती.

"थांबा दादा. आधी हातानं."

मिस्त्रींनी पान्यानं क्रँक सावकाश दोन फेऱ्या फिरवला. कुठं अडला, तर तिथंच थांबायचं, जोर लावायचा नाही. अडला नाही. पण वरची खूण एका दात्यानं सरकलेली दिसली. ताण देताना पट्टा हलला होता.

एका दात्यानं काय बिघडतं? तुम्हीच सांगा. ४० दात्यांच्या चाकावर एक दाता म्हणजे ३६० भागिले ४०, म्हणजे ९ अंश. आणि क्रँक दुप्पट फिरतो, म्हणून त्याच्या मानानं १८ अंशांची चूक. एवढ्या चुकीनं गाडी कदाचित चालते, पण ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते. मिस्त्रींनी पट्टा उतरवला, पुन्हा चढवला, पुन्हा दोन फेऱ्या. खुणा समोरासमोर! झडपांचं अंतर पातळ पातीनं मोजलं. ऑइल भरलं, कूलंट भरलं, मगच किल्ली दिली.

इंजिन पहिल्या सेलला लागलं. आठ दिवस गेले होते, आणि तीनही लग्नांची भाडी.

तुमच्यासाठी

१. घरी किंवा ओळखीत मोटार असेल, तर तिच्या माहितीपुस्तकात टायमिंग बेल्ट आहे का ते मोठ्यांबरोबर बघा. काही गाड्यांत साखळी असते. विजेवरच्या मोटारीत तर झडपाच नाहीत, मग पट्टाही नाही. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये पट्टा असतो खरा, पण तो चाक फिरवणारा.

२. बेल्ट असेल, तर तो कधी बदलायचा ते त्यातच दिलेलं असतं. पुष्कळ गाड्यांना ६० हजार ते १ लाख किलोमीटर किंवा ठरावीक वर्षं, यांतलं जे आधी येईल ते. मागचा कधी बदलला, ते विचारा. जुनी गाडी घेतलेल्यांना हे बरेचदा माहीतच नसतं!

३. किलोमीटरला क्रँकच्या २,४०० फेऱ्या धरल्या, तर ६० हजार किलोमीटरमध्ये किती होतील? आणि कॅमशाफ्टच्या किती? (उत्तर : १४ कोटी ४० लाख आणि ७ कोटी २० लाख.)

आणि हो, चालू इंजिनाजवळ हात, ओढणी किंवा मोकळी वेणी नेऊ नका. बघायचं ते इंजिन बंद असताना, मिस्त्रींना विचारून!