मेलमधल्या लिंका: पंचवीस वर्षांत बदललेल्या खुणा

4 मे 2000 रोजी मनिलाहून सुटलेली ‘आय लव्ह यू’ ही मेल दिवसभरात जगभर पोचली. ब्रिटिश संसदेलाही आपली मेलयंत्रणा बंद ठेवावी लागली. त्या मेलमध्ये लिंक नव्हती, प्रेमपत्र म्हणून जोडलेली फाइल होती. ती उघडली की तुमच्या यादीतल्या सगळ्यांना तीच मेल तुमच्या नावाने जाई. ओळखीच्या माणसाकडून आलंय म्हणजे उघडायला हरकत नाही, या विश्वासावरच तिचा प्रवास झाला. फिलिपिन्समध्ये तेव्हा अशा गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता, त्यामुळे संशयित सुटला.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी आला, पण संगणकावरून तोतयेगिरी करणाऱ्यासाठीचं कलम 66-डी लागू व्हायला ऑक्टोबर 2009 उजाडलं. तोवर बँका इंटरनेटवर आल्या होत्या आणि त्यांच्या मागोमाग तोतयेही. 2007 मध्ये एका खातेदाराने बँकेच्या नावाने आलेल्या मेलवर भरवसा ठेवून पासवर्ड कळवला आणि सहा लाखांहून जास्त रक्कम गमावली. 2010 मध्ये तमिळनाडूच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याने बँकेलाच 12 लाख 85 हजार रुपये द्यायला सांगितलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. तरीही ‘चूक तुमचीच’ म्हणून ग्राहकाला वाटेला लावता येणार नाही, हे कुणीतरी अधिकाराने म्हटलं, याचं मोल मला फार वाटतं.

त्या काळात खोटी मेल ओळखायच्या खुणा आम्ही एकमेकांना सांगत असू. इंग्रजी अशुद्ध असेल तर सावध व्हा. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं तर निर्धास्त राहा. यातली दुसरी खूण तर मुळातच अर्धवट होती. कुलूप एवढंच सांगतं की वाटेत कुणी मजकूर वाचू शकत नाही. पलीकडे बँक बसली आहे की भामटा, हे ते सांगत नाही. 2016 पासून कुलपाची प्रमाणपत्रं फुकट आणि सहज मिळू लागली, ती भामट्यांनीही घेतली. सप्टेंबर 2023 मध्ये क्रोम ब्राउझरने ते चिन्हच काढून टाकलं. अशुद्ध भाषेची खूण कृत्रिम बुद्धिमत्तेने पुसली. आता खोटी मेल शुद्ध मराठीतही येऊ शकते.

टिकून राहिला तो पत्ता. लिंकवर दिसणारे शब्द काहीही असू शकतात. खरा पत्ता मोबाइलवर लिंक दाबून धरल्यावर दिसतो. त्यात पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंतचा भाग उजवीकडून वाचायचा, जसं पाकिटावरचं गाव शेवटच्या ओळीत शोधतो. सुरुवातीला ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन’ असेल आणि पुढे डॉट देऊन भलतंच नाव असेल, तर मालक त्या भलत्या नावाचा. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये ‘बँक डॉट इन’ हा फक्त बँकांसाठी राखीव पत्ता आणला आणि 31 ऑक्टोबरपर्यंत त्यावर यायला सांगितलं. हे दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं.

तरीही पत्ता वाचण्यापेक्षा स्वतः टाइप करणं बरं. ‘खातं आज बंद होईल’ अशी मेल आली तर तिच्यातल्या लिंकला हात न लावता बँकेचं अ‍ॅप उघडा. आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती अडवता येऊ शकते.