खेळाडू होऊ पाहणाऱ्या मुलाचे स्वत्व

इंग्लंडमधील फुटबॉलच्या व्यवहारात 'रिलीज' असा एक शब्द रूढ आहे. एखाद्या क्लबने आपल्या अकॅडमीतील मुलाला यापुढे ठेवावयाचे नाही असे ठरविले, की त्याला 'रिलीज केले' असे म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ सुटका करणे, मोकळे करणे. तुरुंगातून माणूस मोकळा होतो, पिंजऱ्यातून पाखरू मोकळे होते, आणि दोघांनाही त्याचा आनंद होतो. येथे मात्र ज्याची सुटका झाली म्हणतात तो मुलगा घरी येऊन खोलीचे दार लावून बसतो. शब्द आणि वस्तुस्थिती यांत एवढे अंतर का पडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर खेळाला जागा क्वचित मिळते, आणि मिळाली तरी बोलणे विजेत्यांचेच होते. आम्ही जे विजेते झाले नाहीत त्यांच्याविषयी बोलणार आहोत. कारण संख्येने तेच अधिक आहेत.

किती अधिक, हे प्रथम पाहू. मायकेल कॅल्विन या इंग्रज क्रीडालेखकाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात एक हिशेब दिला आहे. इंग्लंडमध्ये संघटित स्वरूपाचे फुटबॉल खेळणारी मुले सुमारे पंधरा लाख; त्यांतून प्रीमियर लीगचा व्यावसायिक खेळाडू होण्यापर्यंत पोहोचणारी सुमारे १८०. म्हणजे आठ हजारांत एक. आपल्याकडे स्पर्धापरीक्षांना बसणाऱ्या तरुणांची काळजी आपण करतो, ती रास्तच आहे. पण तो तरुण निदान पदवी हातात घेऊन, एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी त्या वाटेला लागतो. फुटबॉलच्या वाटेवर मूल आठव्या वर्षी उभे राहते.

त्या वाटेची रचना अशी. २०१२ पासून इंग्लंडमधील क्लबांच्या अकॅडम्यांना एक समान योजना लागू आहे. तीनुसार अकॅडम्यांची प्रतवारी ठरते आणि नऊ वर्षांखालील गटापासून मुलांची रीतसर नोंदणी होते. नोंदणी एक-दोन वर्षांची. मुदत संपत आली की मुलाला ठेवावयाचे की नाही याचा निर्णय होतो, आणि दरवर्षी काही मुले गळतात. सोळाव्या वर्षी मोठी चाळणी लागते. तीतून जी उतरतात त्यांना दोन वर्षांची उमेदवारी मिळते. अठराव्या वर्षी दुसरी चाळणी, आणि तीतून उतरलेल्या थोड्यांना व्यावसायिक करार. करार मिळाला म्हणजे मैदान मिळाले असेही नाही. १९९५ साली युरोपीय न्यायालयाने बोस्मन खटल्याचा निकाल दिला आणि परदेशी खेळाडूंवरील निर्बंध ढासळले. १९९९ च्या डिसेंबरात चेल्सी क्लबने अकराच्या अकरा परदेशी खेळाडू घेऊन सामना सुरू केला. तळातून वर येणाऱ्या स्थानिक पोराला आता साऱ्या जगाशी स्पर्धा करावी लागते.

हे आकडे मुलांना ठाऊक नसतात असे नाही. ठाऊक असूनही 'तो एक मीच' असे प्रत्येकाला वाटते, आणि तसे वाटल्यावाचून रोज चिखलात उतरणे शक्यही नाही. म्हणून आकडे सांगून भागत नाही. खरा प्रश्न त्या आठ-दहा वर्षांत मुलाच्या मनाचे काय होते हा आहे.

मूल जन्मताच 'कोऽहम्' असा टाहो फोडते, असे आपल्याकडे म्हणतात. या प्रश्नाचे उत्तर माणूस साधारण बारा ते वीस या वयात चाचपडत शोधतो. आज कविता करतो, उद्या तबला शिकतो, परवा रेडिओ उघडून बसतो, मधूनच घरच्यांशी भांडतो. वडीलधाऱ्यांना हा पोरकटपणा वाटतो. मानसशास्त्रज्ञांना ते मोठे महत्त्वाचे काम वाटते. एरिक एरिक्सन यांनी किशोरवयातील या शोधाला मध्यवर्ती स्थान दिले, आणि जेम्स मार्सिया यांनी १९६६ साली त्याच्या चार अवस्था सांगितल्या. त्यांतील एक आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. काही मुले शोध न घेताच उत्तर देऊन मोकळी होतात. कोणीतरी आयते दिलेले उत्तर ती स्वतःचे म्हणून धरून बसतात. बाहेरून अशी मुले फार शहाणी दिसतात. त्यांना काय व्हायचे ते ठाऊक असते, ती वेळ फुकट घालवीत नाहीत, उलट उत्तरे देत नाहीत. पण त्यांची ओळख पिकलेली नसते, अकाली मिटलेली असते.

फुटबॉलची अकॅडमी नेमके हेच घडविते, आणि कोणाच्या दुष्टपणाने नव्हे, रोजच्या वेळापत्रकाने घडविते. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी सराव, सुटीच्या दिवशी सामना. काही ठिकाणी शाळेच्या तासांतूनही मुलाला सरावासाठी नेतात. शाळेच्या संघातून खेळण्यास अनेक क्लबांची मनाई असते, कारण पाय मोडला तर? मित्रांच्या वाढदिवसाला जाता येत नाही. छातीवर क्लबचे चिन्ह असलेला सदरा मिळतो, आणि वर्गात, गल्लीत, नातेवाइकांत तो मुलगा त्या चिन्हाच्या नावाने ओळखला जाऊ लागतो. वडील कामावरून परस्पर मोटार काढून त्याला मैदानावर पोहोचवितात. घरचे जेवण, सुट्ट्या, धाकट्या बहिणीचे हट्ट, सारे त्या सरावाभोवती फिरू लागते. 'आमचा मुलगा अमक्या क्लबात आहे' ही आईबापांचीही ओळख होऊन बसते. मुलगा गळतो तेव्हा घरातल्या सगळ्यांनाच आपण कोण हे पुन्हा ठरवावे लागते. आणि त्याच वेळी घराने त्याला आधार द्यावा अशी अपेक्षा असते.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मुलाला वाटते, आपली निवड आपल्या अंगच्या गुणासाठी झाली. गुण असतोच; पण इंग्लंडमध्ये वयोगट १ सप्टेंबरपासून मोजतात, आणि अकॅडम्यांत सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत जन्मलेली मुले प्रमाणाबाहेर अधिक आढळतात, उन्हाळ्यात जन्मलेली कमी. नऊ वर्षांच्या गटात अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे उंची, वजन आणि दमसास यांत केवढा फरक! ज्या निवडीवर मूल आपले सारे स्वत्व उभे करते तिचा काही भाग जन्मतारखेचा असतो. पुढे इतरांची वाढ त्याला गाठते, आणि 'आपल्यातले काहीतरी संपले' असे त्याला वाटू लागते. वस्तुतः संपलेले काही नसते.

ब्रुअर, व्हॅन राल्टे आणि लिंडर या तीन अमेरिकन अभ्यासकांनी १९९३ साली खेळाडूपणाची ही ओळख मोजण्याची एक प्रश्नावली मांडली. मी स्वतःला प्रामुख्याने खेळाडू समजतो काय, माझे मित्र बहुतेक खेळाडूच आहेत काय, खेळता आले नाही तर मी खचून जाईन काय, अशा प्रकारची ती विधाने. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी विचारले होते, की ही ओळख हर्क्युलिसचे स्नायू म्हणावी की अकिलीसची टाच? आमच्या वाचकांना दुर्योधनाची मांडी अधिक ओळखीची असेल. सारा देह वज्राचा आणि घाव नेमका तेथे. खेळ चालू असेतो ही एकाग्र ओळख मुलाला बळ देते. खेळ थांबला की तीच त्याला आतून पाडते. इंग्लंडमधील किशोर खेळाडूंच्या एका पाहणीत (ती २०१६ साली प्रसिद्ध झाली) असे आढळले, की क्लबाने सोडल्यानंतर तीन आठवड्यांनी निम्म्याहून अधिक मुलांचे मानसिक क्लेश वैद्यकीय दृष्टीने दखल घेण्याइतके होते. झोप न लागणे, कशात लक्ष न लागणे, आपण कशाच्याच उपयोगाचे नाही असे वाटणे, ही त्याची रूपे. सोडलेल्या काही तरुणांनी पुढे आपले जीवन संपविल्याच्या घटनांनी तो देश हादरला. त्यांची नावे आम्ही घेत नाही; आणि आत्महत्येला एकच कारण असते असे मानणेही बरोबर नाही. पण अशा एका मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, कोवळ्या वयात आशा एवढी उंच चढवून मग ती मोडणाऱ्या पद्धतीत मुलांना आधाराची नितांत गरज आहे, असे स्पष्ट बजावले होते.

आता कोणी म्हणेल, मुलाला त्रास होत होता तर त्याने सांगावयाचे होते. सांगावयाचे कोणाला? ज्या प्रशिक्षकापाशी मन मोकळे करावयाचे, तोच उद्या त्याला ठेवावयाचे की नाही हे ठरविणार. दुखरा गुडघा लपविणारा मुलगा दुखरे मन उघडे करील, ही अपेक्षा भाबडी आहे. अनेक क्लबांनी मानसशास्त्रज्ञ नेमले आहेत, मुलांच्या शिक्षणाकडे पाहणारी माणसे नेमली आहेत, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. तथापि तो मानसशास्त्रज्ञ क्लबाचा पगारी आहे हे मुलाला कळते. न्यायाधीश आणि वैद्य एकाच छपराखाली बसले, तर रोगी खरे बोलत नाही.

याहून गंभीर आक्षेप निराळा आहे. एकाच ध्यासावाचून मोठा खेळाडू होत नाही, मन दहा ठिकाणी वाटले तर पाय एकाही ठिकाणी चालत नाही, असे पुष्कळांचे प्रामाणिक मत असते. त्यांच्यासाठी टॉम फिनी यांचे उदाहरण देतो. प्रेस्टन नॉर्थ एंडचा हा विंगर इंग्लंडकडून ७६ सामने खेळला आणि त्याने ३० गोल केले. त्या देशाच्या सर्वोत्तम खेळाडूंत त्याची गणना होते. पोरवयात क्लबाने त्याला बोलाविले तेव्हा वडिलांनी अट घातली, की आधी नळकामाची उमेदवारी पुरी करावयाची. ती त्याने पुरी केली आणि खेळाच्या वैभवाच्या काळातही नळकामाचा धंदा सोडला नाही. लोक त्याला कौतुकाने 'प्रेस्टनचा प्लंबर' म्हणत. त्या काळी खेळाडूंच्या वेतनाला कमाल मर्यादा होती, ती १९६१ साली उठली. तेव्हा जोडधंदा ही गरजही होती हे खरे. आजच्या मुलाने पाने-पकडी घेऊन हिंडावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु मनात दुसरी खोली असल्याने पहिली खोली लहान होत नाही, एवढे त्यावरून दिसते.

उलट बाजूने जेमी वार्डीची कथा नेहमी सांगितली जाते. सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडेने त्याला सोडले. काही काळ त्याने खेळच सोडला. मग जखमी हातापायांना आधार देणारी साधने बनविणाऱ्या कारखान्यात राबत तो खालच्या दर्जाच्या क्लबांतून खेळला, २०१२ साली लेस्टर सिटीत आला आणि २०१६ साली त्या क्लबाबरोबर प्रीमियर लीगचा विजेता झाला. कथा खरी आहे आणि उमेद देणारी आहे. पण सोडलेल्या प्रत्येक मुलाला ती ऐकविणे आम्हांला क्रूरपणाचे वाटते. तिच्यात 'तू अजूनही फुटबॉलपटूच हो' एवढाच संदेश आहे. फुटबॉलपटू न होताही तू कोणीतरी आहेस, हे तिच्यात कोठे आहे?

इंग्लंडमध्ये आता काही पावले पडली आहेत. क्रिस्टल पॅलेस क्लबाने २०२१ साली, सोडलेल्या तरुण खेळाडूंची तीन वर्षे विचारपूस करण्याची आणि त्यांना शिक्षण वा नोकरीच्या वाटेला लावण्याची योजना सुरू केली. स्वतः अकॅडमीतून वर आलेल्या ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डने २०२३ साली खेळाडूंच्या संघटनेबरोबर गळालेल्या मुलांना कामधंदा मिळवून देण्याचा उपक्रम काढला. ही कामे चांगली आहेत. मात्र ती पडल्यानंतरची आहेत. आमच्या मते उपाय दहाव्या वर्षी सुरू झाला पाहिजे. शाळेच्या संघातून खेळू देणे, सरावाच्या वेळा वाढदिवसांना थोडी जागा ठेवतील अशा आखणे, मुलाला हव्या त्या दुसऱ्या छंदासाठी आठवड्यातील एक संध्याकाळ राखून ठेवणे, आणि मन मोकळे करण्यासाठी निवडीशी संबंध नसलेला बाहेरचा माणूस देणे. यांत खर्चाचे असे काही नाही.

हे सारे साता समुद्रापलीकडचे, आपणांस त्याचे काय, असे म्हणण्याचे दिवस गेले. कोल्हापुरात फुटबॉल पूर्वापार तालमींचा खेळ आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या नावांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा खरे म्हणजे पेठाच एकमेकींशी खेळत असतात. तेथे ईर्ष्या टोकाची असते, पैसा बेताचा असतो. पण दुकान किंवा नोकरी सांभाळून खेळणारा मुलगा खेळ थांबल्यावरही त्याच तालमीचा राहतो. त्याला तेथून कोणी 'रिलीज' करू शकत नाही. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत घडला आणि भारतात झालेल्या २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. नवी मुंबईत २०१५ पासून मुलांसाठी निवासी फुटबॉल संस्था चालू आहे. गोव्यात तर फुटबॉल घराघरांत आहे. मोठे होण्याची वाट आता तालमीतून नव्हे, घरापासून दूर असलेल्या वसतिगृहातून जाऊ लागली आहे. ती वाट बंद करावी असे कोणी म्हणणार नाही, आणि अकरा-बारा वर्षांचा मुलगा मैदानाकडे बोट दाखवून हट्ट धरील तेव्हा त्याला नाही म्हणणे आईबापांना जमणारही नाही.

तेव्हा प्रवेशाच्या दिवशी त्यांनी एवढे करावे. संस्थेचे लोक भिंतीवरची छायाचित्रे दाखवून, येथून कोण कोण पुढे गेले हे सांगतीलच. ते ऐकून घ्यावे. मग विचारावे, की गेल्या पाच वर्षांत आपण किती मुले परत पाठविलीत, निर्णय त्यांना कोणी व कसा सांगितला, आणि ती मुले आज कोठे आहेत, काय करतात? उत्तर वहीत लिहिलेले असेल तर मुलाची पेटी आत न्यावी. ते आठवून सांगावे लागत असेल, तर सही करण्यापूर्वी आणखी एक दिवस मागून घ्यावा.