एक धमनी की धमन्यांचं जाळं?

मागच्या व्याख्यानात आपण ‘कारण’ या शब्दाशी बरीच झटापट केली. आज तोच शब्द घेऊन शस्त्रक्रियागृहात जाऊ.

महाधमनी हृदयापासून निघून छातीतून पोटात उतरते. तिची भिंत कमकुवत होऊन फुगली, तर ती फुटण्याआधी तेवढा भाग बदलून कृत्रिम नळी बसवतात. त्यासाठी चिमटा लावून रक्त काही काळ अडवावं लागतं. पंचाईत अशी, की याच भागातून निघणाऱ्या बारीक शाखा मज्जारज्जूला रक्त देतात. माणूस वाचतो, शुद्धीवर येतो, आणि पाय हलत नाहीत! ह्यूस्टनच्या क्रॉफर्ड यांच्या १,५०९ रुग्णांचा अहवाल १९९३ साली आला. त्यात १६ टक्के रुग्णांच्या पायांतली शक्ती कमी झाली होती किंवा पूर्ण गेली होती.

दोषी कोण? बराच काळ उत्तर एकच होतं: अ‍ॅडमकिविच यांच्या नावाची धमनी. ती शोधा, नव्या नळीला जोडा, की झालं. एकच कारण सापडलं की आपल्याला किती हायसं वाटतं, नाही का?

पण काही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर पाय व्यवस्थित हलवतात आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, लुळे पडतात. शाखा तर केव्हाच बंद झालेली. मग इतका वेळ पाय कशाच्या जोरावर हलत होते? न्यूयॉर्कच्या ग्रीप यांनी मांडलं, की मज्जारज्जूला रक्त देणारं एक जाळंच आहे. खांद्याकडून, पाठीच्या स्नायूंतून, ओटीपोटाकडून येणारं. चाळीतला एक नळ बंद झाला तरी दुसरीकडून पाणी येतं, पण दाब असेल तरच. रक्तदाब घसरला की जाळं असून उपयोग नाही.

दाबाला विरोधही आहे. मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाचा दाब वाढला की रक्त आत शिरत नाही. म्हणून कमरेतून बारीक नळी घालून तो द्रव काढतात. कोसेली यांच्या २००२ सालच्या चाचणीत हा उपाय न केलेल्यांपैकी १३ टक्के रुग्णांचे पाय बाधित झाले, केलेल्यांपैकी २.६ टक्के.

अर्थात द्रव भराभर काढला तर मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो. तेव्हा तो बेतानं काढायचा, रक्तदाब वर ठेवायचा आणि अतिदक्षता विभागात पुन्हा पुन्हा विचारायचं: “काका, पाय उचलून दाखवा बरं.” पाय जड वाटला तर तेव्हाच दाब वाढवायचा. पुष्कळदा शक्ती परत येते, दरवेळी नाही.